मानखुर्दच्या उतारावर थांबलेल्या कंटेनरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून जात नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. जुलैतली ती पहाट तुम्हाला आठवत असेल. वाशीचा पूल उतरून मानखुर्दकडे येताना डाव्या कडेला एक बोलेरो, मागे ट्रेलरवर निळी फायबरची होडी, आणि ट्रेलरचं डावं चाक पार रिमवर बसलेलं. होडीच्या मागे भिजत उभे होते ते माझे बाबा. गाडी चालवत होते ती मी.

होडी जुनी घेतलेली, उरणजवळच्या करंजाहून वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, आणत होतो. त्या दिवसांत दर्यातून आणायचा प्रश्नच नव्हता. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद होती, आणि नारळी पौर्णिमेआधी होडीचा रंग, इंजिनाचं काम सगळं उरकायचं होतं. म्हणून रस्त्याने निघालो, तेही गर्दी नको म्हणून पहाटे चारला.

बोलेरो सोडवून पंक्चरवाल्याला घेऊन यावं, असं मी ठरवलं होतं. हुकाची पिन अर्धी निघाली होती, तेवढ्यात तुमचा आवाज आला, "पोरी, हुकाला हात लावू नको!" इतक्या जोरात ओरडलात की मला रागच आला. मग जवळ येऊन तुम्ही समजावलंत. ट्रेलरला ॲक्सल एकच. इंजिन होडीच्या पार मागच्या टोकाला, म्हणजे वजन सगळं मागे. पिन निघाली असती तर नाळीखालची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखालची, ट्रेलरची दांडी उसळून वर आली असती, आणि मी तिच्यावरच वाकले होते. होडी मागे कलंडली असती ती बाबांच्या अंगावर. याच्या पुढचा विचार मी आजही करत नाही.

तुम्ही तुमचा कंटेनर आमच्या मागे लावलात, दोन्ही बाजूंचे दिवे उघडझाप करत ठेवलेत, झुडपाची एक फांदी तोडून रस्त्यावर दगडाने दाबून ठेवलीत. मग उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावलेत. आणि जॅक हातात घ्यायच्या आधी पाना माझ्या हातात दिलात. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट सैल करायचे, उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरतं, हे मला माहीतच नव्हतं. नट खाऱ्या पाण्याने गंजून रिमशी एकजीव झालेले. तुम्ही चिंधी डिझेलमध्ये भिजवून प्रत्येक नटावर पिळलीत आणि दहा मिनिटं थांबवलंत. नंतर पान्याच्या दांडीत लोखंडी पाइप घातलात. "पाय दे त्यावर, पूर्ण वजन टाक." तिसऱ्या झटक्याला 'कर्रर्र' झालं आणि लाल गंजाचा भुगा माझ्या चपलेवर पडला. पाचही नट मीच सोडवले, काका. तुम्हाला ते दोन मिनिटांचं काम होतं, तरी तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेतला नाहीत.

जॅक मी होडीच्या तळाला लावणार होते. तुम्ही तो स्प्रिंगच्या पाट्याजवळ, ॲक्सलखाली लावलात. खाली चिखल होता म्हणून तुमच्या केबिनमधली जाड फळी आणून जॅकच्या बुडाशी ठेवलीत. स्टेपनीत हवा जेमतेम होती, तीही तुमच्या गाडीच्या टाकीतून नळी जोडून भरलीत. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, ठोकून आवाज ऐकलात आणि वर सांगितलंत, "माझ्या कानावर जाऊ नको, पहिल्या पंपावर मोजून घे."

फुटलेल्या टायरची नक्षी नव्यासारखी होती. विकणाऱ्याने तेच दाखवून टायर नवे म्हणून सांगितले होते. तुम्ही बाजूचा चिखल अंगठ्याने पुसलात आणि चार आकडे वाचायला लावलेत: 2214. म्हणजे 2014 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. होडीचा ट्रेलर वर्षातून चार वेळा हलतो, त्यामुळे नक्षी झिजत नाही. रबर मात्र उन्हात उभ्या उभ्या वाळतं. बाजूला बारीक भेगा होत्या, नख आत जाईल एवढ्या. दुसऱ्या टायरवरही तशाच.

या सगळ्यात बाबा गप्प होते. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस रस्त्याच्या कडेला नुसता उभा होता, ते मला बघवत नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे वळून विचारलंत, "तांडेल ना तुम्ही? मग या दोऱ्या तुम्हीच बघा, उचलताना होडी सरकायला नको." बाबांनी दोऱ्या पुन्हा आवळल्या. त्यानंतर ते वेसाव्यापर्यंत बोलत होते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाबांनी सुक्या बोंबलांची पिशवी पुढे केली, तर तुम्ही गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून हसलात. यंदा गाडीमुळे वारी चुकली म्हणालात. निघताना रस्त्यावरची फांदी आणि सगळे दगड आठवणीने उचलून बाजूला टाकलेत.

शेवटी बजावलंत, "चेंबूरला एकदा थांब, घर यायच्या आधी परत एकदा. समोरासमोरचे नट आवळायचे." चेंबूरला सगळे घट्ट होते. दुसऱ्यांदा थांबायचा मला कंटाळा आला होता, पण पार्ल्याला थांबले. दोन नट पाव-पाव फेरा फिरले.

दोन्ही टायर आता नवे आहेत, आकडे वाचून घेतलेले. हबमध्ये ग्रीस भरलं, पाइप आणि डिझेलची बाटली गाडीतच असते. होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात गेली. त्या दिवशी बाबांनी एक नारळ जास्त वाहिला.

आणि काका, तुमची फळी आमच्याकडेच राहिली. जॅक काढून मी ती बोलेरोत टाकली आणि चेंबूर येईपर्यंत लक्षातच आलं नाही. धुऊन, वाळवून ठेवली आहे. कधी अंधेरीकडचं भाडं लागलं तर वेसावे बंदरावर या आणि निळ्या फायबरच्या होडीचा तांडेल कोण, एवढंच विचारा. जेवण बिनमासळीचं करू.

तुमची,
बोलेरोवाली पोरगी