पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेलो असताना एक लॅब्राडोर कुत्री दिसली. झाडाखाली बसून होती. माणूस दिसला की शेपूट हलवायची, पण उठून जवळ यायची नाही. हनुवटी पांढरी झालेली, सड लोंबलेले, सिमेंटवर बसून बसून कोपरांना काळे घट्टे पडलेले. गळ्यात पट्टा नव्हता, पण पट्ट्याच्या जागेवरचे केस झिजलेले दिसत होते. डॉक्टरांकडे नेली. त्यांनी स्कॅनर फिरवून पाहिला, कातडीखाली ओळख पटवणारी चिप नव्हती. सोनोग्राफीत गर्भाशयात पू झाल्याचं निघालं. वय सात-आठ असेल आणि बऱ्याच वेळा व्यायलेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पिल्लं देत होती तोवर कुणीतरी तिला ठेवली आणि आजारी पडल्यावर टेकडीवर आणून सोडली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिच्याकडे बघताना मला आमचं पहिलं पिल्लू आठवत राहिलं. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर मोबाईलवरची जाहिरात बघून आम्ही ते घेतलं. विकणाऱ्याने एका पुलाखाली बोलावलं आणि गाडीच्या डिकीतून बुटांचं खोकं काढून हातात दिलं. ‘दोन महिन्यांचं आहे, पेपर मागाहून कुरिअरने येतील,’ म्हणाला. आई कुठे आहे विचारलं, तर ‘ती फार्मवर आहे, लांब आहे.’ मी पुढे काही विचारलं नाही. पैसे रोख मोजले. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडून मला दाखवलं, दुधाच्या दाढासुद्धा नीट वर आल्या नव्हत्या. जेमतेम महिन्याचं पोर होतं ते. चार दिवस सलाईन लावलं. पाचव्या दिवशी पहाटे गेलं. त्याचं नाव काय ठेवायचं, हेसुद्धा आमचं ठरलं नव्हतं.

पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे लगेच दुसरं पिल्लू आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनीच पुढे घरी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. त्यांच्या घरी आमचीच उलटतपासणी झाली. दिवसभर घरी कोण असतं? घर भाड्याचं आहे का? सोसायटीत कुणाची हरकत? मुलगी बारा वर्षांनी इथे नसेल, तेव्हा कुत्र्याला फिरवायला कोण नेणार? खरं सांगतो, तेव्हा थोडा राग आला होता. पैसे आपण देणार आणि हिशेब ही बाई मागते! पण मग आतल्या खोलीतून कुत्री आली, माझा हात हुंगला आणि निवांत पिल्लांशेजारी जाऊन पडली. तिच्या अंगावर हात फिरवून बघा, ताई म्हणाल्या. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे, जंतांच्या औषधाच्या तारखा, प्रत्येक पिल्लाचं रोजचं वजन, सगळं वहीत होतं. पिल्लं पाच आठवड्यांची असताना आम्ही पाहिली, पण आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी आमचं पिल्लू दिलं नाही. निघताना म्हणाल्या, ‘कितीही वर्षांनी, काहीही अडचण आली तरी माझ्याकडे आणून द्या. दुसरीकडे देऊ नका, सोडू तर अजिबात नका.’ तसं त्यांनी लिहूनही घेतलं.

या ताई जे करतात, त्यातलं बरंचसं कायद्यातच आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम काढले. त्यानुसार ब्रीडरने, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आतली किंवा आठ वर्षांच्या वरची कुत्री पैदाशीसाठी वापरता येत नाही आणि तिच्याकडून आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी घेता येत नाहीत. चिप बसवणं आणि नोंदी ठेवणं बंधनकारक आहे. लोक मात्र ‘पेपर आहेत का’ एवढंच विचारतात. हे पेपर म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे कागद, ते वंशावळ सांगतात. ती आई कोणत्या पिंजऱ्यात राहते, हे त्या कागदावर नसतं. आणि सोडून देणाऱ्याला शिक्षा काय? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. ५० रुपयांत आज पिल्लाचं खाणंही धड येत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना देताना रेबीजच्या लसीचा दाखला मागते. त्याच अर्जात ‘पिल्लू कुठून आणलं आणि विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय’ ही एक ओळ वाढवावी. दत्तक घेतलेलं असेल तर तसं लिहावं, त्यांना शुल्क माफ करावं. नोंदणीकृत ब्रीडरची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात लावावी. ताईंसारख्या माणसांचं नाव आज फक्त डॉक्टरांच्या तोंडून कळतं आणि डिकीतून पिल्लं विकणाऱ्याची जाहिरात सगळ्यांच्या मोबाईलवर असते.

घेणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीज, आणि हे होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवायचं नाही. पण त्याच दिवसांत पिल्लाला माणसं, आवाज, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी यांची ओळख करून द्यावी लागते, म्हणून कडेवर घेऊन फिरवा. पुण्यातला उन्हाळा लक्षात घ्या आणि हस्कीसारखा थंड प्रदेशातला कुत्रा घेऊ नका. ‘कुत्री एकदा तरी व्यायली पाहिजे, नाहीतर आजारी पडते’ हे तर अनेक चांगल्या घरांत ऐकलं आहे. अजिबात खरं नाही. टेकडीवरच्या कुत्रीला झालेला आजार मुख्यतः नसबंदी न केलेल्या कुत्रीला होतो, आणि हौसेखातर घरी झालेल्या सात-आठ पिल्लांना घरं शोधताना लोकांची काय दमछाक होते, ते मी पाहिलं आहे.

तिचं ऑपरेशन झालं. टाके निघाले आहेत, जेवते व्यवस्थित. सध्या आमच्याकडे आहे. पहिले दहा दिवस ती गादीवर बसायची नाही, फरशीच शोधायची. परवापासून बसायला लागली आहे. आमच्या घरी आधीच एक मोठा कुत्रा असल्याने तिच्यासाठी दुसरं घर मिळालं तर आम्हाला हवं आहे. जो कुणी येईल, त्याला दिवसभर घरी कोण असतं हे मी विचारणार आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे