अंतर तेवढेच, रूळ एकच

मा. संपादक,
स. न.

ऑगस्ट 2025 मध्ये वंदे भारत जालन्याहून पुढे नांदेडपर्यंत आली, तेव्हापासून मुंबई जवळ आली असे जो तो म्हणतो. छापूनही येते. 610 किलोमीटरला साधारण साडेनऊ तास. भागाकार करून पाहा, ताशी 65 सुद्धा भरत नाहीत. तिकडे समृद्धीच्या 701 किलोमीटरला आठ तास सांगतात. (डिझेल आणि टोल कोणी भरायचा, ते सोडा.)

आम्ही सेलूचे. वंदे भारत इथे थांबत नाही. ती धरायची तर पहाटेच्या अंधारात परभणी गाठा, नाही तर जालना. म्हणून आमची भिस्त रात्रीच्या गाडीवर. दिवाळीनंतर आईला मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, सकाळी नऊचा नंबर. संभाजीनगर सुटले आणि लासूरच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनात गाडी उभी राहिली. दहा मिनिटे, वीस, चाळीस. आईने विचारले, "मनमाड आलं का रे?" समोरच्या बर्थवरचे काका डोळे न उघडताच म्हणाले, "क्रॉसिंग हाय, माय. झोपा तुम्ही." धडधडत मालगाडी गेली. आता निघणार म्हणून चपला काढून वर बसलो, तर तिच्यामागे आणखी एक एक्स्प्रेस. सातला पोहोचायचे ते साडेनऊ वाजले. नंबर गेला, तारीख तीन आठवडे पुढची मिळाली.

यात ना ड्रायव्हरचा दोष, ना स्टेशन मास्तरचा. रूळच एक, मग एकीला वाट द्यायची तर दुसरीने थांबायचेच. निजामाच्या काळातली मीटरगेज लाईन ब्रॉडगेज व्हायला इथे 1990 चे दशक उजाडले. दुसरा रूळ अजून यायचाच आहे. परभणी ते मुदखेड 81 किलोमीटरचे दुहेरीकरण झाले, पण मुंबईला जाणाऱ्याची खरी रखडपट्टी परभणीच्या अलीकडे, मनमाडच्या बाजूला. त्यातला अंकाई–संभाजीनगर हा 98 किलोमीटरचा टप्पा आधीच मंजूर झालेला, आणि संभाजीनगर–परभणी या 177 किलोमीटरला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. दोन्ही मिळून 275 किलोमीटर. नवी गाडी सुरू झाली की पहिल्या पानावर हिरव्या झेंड्याचा फोटो येतो. या 275 पैकी किती रूळ पडला, माती कुठवर आली, कोणता पूल अडलाय, हे मात्र शोधूनही सापडत नाही. महिन्यातून एकदा चार ओळींत तेवढे छापा. त्यासाठी झेंड्याचा फोटो थोडा लहान झाला तरी आमची तक्रार नाही.

आईची तारीख पुढच्या सोमवारी आहे. आम्ही शनिवारच्याच गाडीने निघतोय.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)