बागेच्या सांडपाण्यासाठी खडी, शेततळ्याचा प्लास्टिक कागद आणि माणसं पाहिजेत

नमस्कार मंडळी, पांझराकाठच्या आपल्या गावबागेच्या समितीकडून हे लिहितोय, जरा लांब आहे पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात संडासच्या शोषखड्ड्यातलं पाणी वर येऊन पार झोक्यांपर्यंत आलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आम्ही दोरी बांधून अर्धी बाग बंद केली, तरी लहान पोरं त्याच चिखलातून पळत होती आणि बघून जीव नुसता तुटत होता. बाग झाली तेव्हा एकच खड्डा खणून दिला होता, चार संडास, हात धुवायचे नळ आणि कँटीनचं भरीत-शेवभाजीचं तेलकट पाणी, सगळं त्यातच. आमचे आप्पा तेव्हाच बोलले होते, "आठे पानी जिरत नही भो, काई जमीन शे."

आणि खरंच तसंच आहे. काळी माती पावसात फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही, अन् उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून तेच घाण पाणी न गाळता थेट खाली उतरतं. बागेच्या उताराला विहीर आहे आणि दोन गल्ल्या तिचं पाणी पितात. मैल्याच्या पाण्यातून नायट्रेट वाढतं, पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको असतं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सगळ्यात धोक्याचं, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. आम्हाला खरी काळजी ह्याचीच आहे, वास तर नंतरची गोष्ट.

म्हणून ठरलंय ते असं. कँटीनच्या पाण्याला आधी तेल अडवायची छोटी टाकी, मग सगळं पाणी दोन कप्प्यांच्या सेप्टिक टँकमध्ये, तिथे गाळ खाली बसेल, आणि वरचं पाणी खडीच्या वाफ्यात जाईल. वाफा 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 60 सेंटिमीटर खोल, त्यात कर्दळ. दिवसाला 100 माणसं, माणशी 20 लिटर म्हणजे 2,000 लिटर पाणी धरलंय, ते खडीतून जायला साडेतीन दिवस घेतं, तेवढ्यात खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू त्यातली घाण खाऊन टाकतात. वीज नको, मोटर नको. बाहेर पडणारं पाणी कडुनिंब-करंजाला देऊ, पण ते पिण्याचं नाही आणि भाजीपाल्यालाही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वाफ्याला खडी लागते साधारण साडेसहा ब्रास. तळाला कागद हवा, नाहीतर परत त्या भेगांतून पाणी खाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे शेततळ्याचा उरलेला कागद घडी करून पडलाय, 500 मायक्रॉनचा असेल आणि फाटलेला नसेल तर तो द्या, आम्ही ट्रॅक्टर घेऊन येतो. सिमेंट, विटा, पाइप ज्याला जे जमेल ते. पैसे द्यायचे असतील तर ग्रामपंचायतीत पावती घ्या, अंदाजपत्रक तिथेच बोर्डावर लावलंय आणि खर्चाचा कागद पण तिथेच लागेल.

ह्याच पांझरेवर आपल्या आज्या-पणज्यांनी फड पद्धतीने पाणी वाटून घेतलं, पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस जायचा. तसंच आताही घरटी एक माणूस द्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी झोके खेळायला बागेतच येतात, त्याच्या आत खोदकाम उरकायचंय, म्हणजे पाऊस पडेपर्यंत कर्दळ मूळ धरेल.

बागेच्या संडासात ॲसिड-फिनाईल ओतणं मात्र आजपासून बंद करा, टाकीतले जिवाणू मरतात आणि मग काहीच चालत नाही.

येत्या रविवारी सकाळी 7 ला फावडं, टिकाव, घमेलं घेऊन या. ज्या ताई-मावशींच्या परसात कर्दळ आहे त्यांनी कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, रंग कुठलाही चालेल.