इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून आईला

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

ओम मला ‘मम्’ का म्हणतो, असं तू विचारलंस आणि तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. म्हणून लिहिते. इथली सगळीच पोरं आईला मम् म्हणतात, तोही शाळेतून शिकून आला. घरात अजून ‘आई’च आहे, काळजी नको.

पण या ‘मम्’चा आणखी एक अर्थ आहे, गप्प! ‘कीप मम्’ म्हणजे अवाक्षर काढू नका. ओठ मिटले की जो हुंकार निघतो, त्यावरून पडलेला हा शब्द. आईच्या मम्‌शी त्याचं नातं नाही आणि तो तिच्याहून बराच जुना. चौदाव्या शतकातला कवी लँगलंड वकिलांबद्दल म्हणतो, पैसे दाखवायच्या आधी यांच्या तोंडून ‘मम्’ निघण्यापेक्षा मॅल्व्हर्नच्या टेकड्यांवरचं धुकं मोजून होईल. बाबांना वाचून दाखव. जमिनीच्या केसपायी इतक्या तारखा खाल्ल्यावर त्यांना पटेल.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच यावर कोटी केली. पोस्टर काढलं, ‘बी लाइक डॅड, कीप मम्’. म्हणजे बाबांसारखे गप्प राहा, आणि आडून, बाबांसारखं आईला पोसा! एडिथ समरस्किल या खासदारबाईंनी पार्लमेंटात हरकत घेतली, ते बरंच केलं. आणखी एका पोस्टरवर झुळझुळीत गाऊन घातलेली बाई रेलून बसलीय, भोवती तिन्ही दलांचे अधिकारी गप्पांत रंगलेत. खाली ताकीद: तोंड आवरा, ती काही इतकी बावळट नाही.

आता ऐक. आमच्या गावातच ब्लेचली पार्क आहे. युद्धात जर्मनांचे गुप्त संदेश तिथे उलगडायचे. १९४५ च्या सुरुवातीला नऊएक हजार माणसं कामाला होती, त्यांत चारातल्या तीन बायका, बऱ्याचशा कोवळ्या पोरी. कित्येकींनी पुढे नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. १९७४ साली इंग्रजीत पुस्तक छापून बोभाटा केला, तो एका निवृत्त पुरुष अधिकाऱ्याने. आणि म्हणे बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही!

मेतकूट पोचलं, डबा फुटला नाही. दादासाठी मुलगी बघून आलात, त्याबद्दल मात्र फोनवर चकार शब्द नाही तुझा. पसंत नाही का? सविस्तर लिही.

तुझी,
सुमा