दिवाळी झाली की इकडे या

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तुझा ठरलेला प्रश्न असतो, ‘तिकडे तैवानला येऊन आम्ही खायचं काय?’ त्याचं उत्तर घाईघाईत देता येत नाही, म्हणून आज नीट लिहायला बसले आहे.

तैपेईत भूक लागली की दुकानांच्या पाट्यांवर स्वस्तिक शोधायचं. त्याच्या भुजा आपल्यापेक्षा उलट वळलेल्या असतात, पण ते बौद्धांचं शुभचिन्ह आहे आणि ज्या खाणावळीवर ते दिसेल तिथे जेवण शाकाहारी. तेही बहुतेक ठिकाणी कांदा-लसणाशिवाय, कारण इथल्या बौद्ध आचारात दोन्ही वर्ज्य. ताट उचलायचं, वाफाळत्या ट्रेमधून टोफू, वांगी, पालेभाज्या, बांबूचे कोंब हवे तेवढे वाढून घ्यायचे आणि गल्ल्यावर वजन करून पैसे द्यायचे. दुकानातल्या शाकाहारी पाकिटांवरसुद्धा आत दूध आहे, अंडं आहे की कांदा-लसूण, ते वेगवेगळं छापलेलं असतं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण मांसाहार टाळतात. त्यामुळे ‘मला हे चालत नाही’ म्हटलं की कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. फक्त साध्या नूडल्सच्या गाडीवर भाज्या दिसल्या तरी थांबायचं नाही, रस्सा बहुधा हाडांचा असतो.

जिऊफेनला तर तुम्हाला न्यायचंच आहे. डोंगरउतारावरचं हे गाव एकेकाळी सोन्याच्या खाणींवर जगायचं, आता पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद गल्ल्यांत खाण्याची दुकानं आहेत. तिथल्या एका बाईंच्या गाडीपाशी मी बराच वेळ नुसती बघत उभी होते. समोर शेंगदाण्याच्या चिक्कीचा भलामोठा ठोकळा. त्यावर त्या सुताराचा रंधा फिरवत होत्या आणि सोनेरी भुगा खाली पडत होता. गव्हाच्या अगदी पातळ पोळीवर तो भुगा, त्यावर अळकुड्यांच्या आइस्क्रीमचे गोळे, वर मूठभर चिरलेली कोथिंबीर, की झाली गुंडाळी. आइस्क्रीमवर कोथिंबीर! पण पहिल्या घासालाच पटलं. चिक्कीचा गोडवा कोथिंबिरीमुळे जड होत नाही. बाबा, भुगाच असल्यामुळे तुमच्या दातांनाही त्रास नाही.

तैपेईतलं लोंगशान मंदिर १७३८ सालचं. तिथे आई तुला सोडून मी दिवसभर कुठेही गेले तरी तू रमशील. माणसं ओंजळीत लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी धरतात, मनातलं गाऱ्हाणं देवाला सांगतात आणि त्या जमिनीवर टाकतात. एकीची सपाट बाजू वर आणि दुसरीची फुगीर, तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, प्रश्न पुन्हा नीट विचारायचा. ग्रामदेवीसमोर कौल लागताना तू जशी श्वास रोखून उभी असतेस, तशाच इथल्या आज्या उभ्या असतात. मला त्या दिवशी तुझी फार आठवण आली.

बाबा, तुमची सगळी नोकरी रेल्वेत गेली, तुमच्यासाठी आलिशान नावाच्या डोंगराळ भागातली गाडी आहे. जपानी राजवटीत डोंगरातलं लाकूड खाली आणायला हा नॅरो गेज मार्ग बांधला. गाडी जिआयी शहरातून समुद्रसपाटीपासून ३० मीटरवर निघते आणि आलिशानला २,२१६ मीटरवर पोचते. मध्ये एका डोंगराला वेढे घालत चढते, आणखी वर गेल्यावर चढ इतका की गाडी पुढे जाऊन थांबते, मग उलटी मागे चढते, पुन्हा पुढे. २००९ च्या मोराकोट वादळात मार्ग उखडला होता. पूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. दरवेळी खिडकीशी बसून तुम्ही चढ-उताराचा हिशेब सांगता, तो मला इथे ऐकायचा आहे.

तैपेई १०१ ही उंच इमारतही बघू, ५०८ मीटरची. वाऱ्यात तिचं झुलणं कमी व्हावं म्हणून आत टांगलेला ६६० टनांचा गोळा प्रत्यक्ष बघता येतो. आई, गुडघ्याची काळजी करू नकोस, मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि डब्यात वयस्कर माणसांना लोक लगेच जागा देतात. जिऊफेनला मात्र पायऱ्या आहेत, तिथे आपण सावकाश, बसत बसत जाऊ.

उन्हाळ्यात इथे उकाडा आणि वादळं असतात. दिवाळी घरी करा आणि नोव्हेंबरात या, तेव्हा हवा छान असते. माझं ऑफिसचं काम मार्चपर्यंत आहे. व्हिसाचं मी बघते, तुम्ही दोघांच्या पासपोर्टची मुदत तेवढी बघून कळवा. येताना मेतकूट आणि कुळथाचं पीठ आणा, बाकी काही नको.

तुमची,
मीनू