कालव्यावरच्या काका-काकूंना

ती. स्व. काका आणि काकू यांना साष्टांग नमस्कार,

तुम्ही बोट विकून मुलीजवळ लेस्टरला राहायला गेलात, त्या दिवशी मी आभार मानायला तोंड उघडलं आणि काकांनी विषयच बदलला. "गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का ते बघ आधी." म्हणून आता लिहूनच सांगते. आणि हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण लंडनची, मिल्टन कीन्सची घरभाडी पाहून "बोटीवर राहिलं तर?" असं विचारणारी मराठी मुलंमुली मला आता वरचेवर भेटतात. मी त्यांना जी उत्तरं देते, ती सगळी मुळात तुमची आहेत.

आपली ओळख स्टोक ब्रुअर्न गावच्या लॉकवर झाली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली जागा, जिथे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. मी तिथे सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठी चालायला येत असे. एका बोटीवरून खणखणीत आवाज आला, "अगं, दोर सैल सोड, ताणू नकोस!" इंग्लंडच्या मधोमध, ग्रँड युनियन कालव्यावर, असं मराठी! मी धावतच आले. काका खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये डिझेल इंजिनांवर काम करून इकडे आलेले, आणि निवृत्तीनंतर दोघं नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यांसाठीच्या लांब, अरुंद बोटीवर राहणारे. मला बोट घ्यायची आहे म्हटल्यावर काकूंनी चहा दिला आणि काकांनी विचारलं, "पत्ता कुणाचा देणार?"

तेव्हा तो प्रश्न मला विचित्र वाटला. आज मी प्रत्येकाला पहिला तोच विचारते. कायमचा धक्का भाड्याने न घेता फिरत राहायचं असेल तर तुमची बोट कुठल्याच पत्त्यावर नसते. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण बँकेला, वाहन परवान्याला, विमा कंपनीला पत्ता हवाच. व्हिसावर असणाऱ्यांनी तर ही सोय आधी करावी आणि मग बोटी बघायला निघावं. फिरस्त्यांसाठी नियमही आहे. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणारा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट वर्षभरात तुम्ही किती लांबवर फिरलात तेही बघतो. त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे करणं चालत नाही. एप्रिल २०२४पासून फिरस्त्या बोटींच्या लायसन्सवर जास्तीचा आकारही लागू झाला आहे. नोकरी एका गावात आणि घर दर पंधरवड्याला दुसरीकडे, हे गणित काकांनी मला कागदावर मांडायला लावलं. कुठल्या धक्क्यापासून कुठलं स्टेशन किती मिनिटांवर, हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद झाले तर मी कुठे अडकेन, सगळं.

मग बोटी बघणं सुरू झालं, आणि तुमचं सर्वांत मोठं ऋण इथलं आहे. मला एक बोट मनापासून आवडली होती. आत सुंदर लाकूडकाम, पितळी दिवे, नवीन स्वयंपाकघर, आणि विकणारा सांगत होता की तळाला नुकतंच ब्लॅकिंग केलंय, म्हणजे डांबराचा थर दिलाय. काका आत आलेच नाहीत. बाहेर उभं राहून म्हणाले, "लाकूड कुणीही बसवतो. पोलाद किती उरलंय ते विचार." बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करायचा खर्च घेणाऱ्याचा असतो, आणि न घेतलेल्या बोटीसाठी तो करणं जिवावर येतं. पण तुम्ही हटला नाहीत. साधारणपणे नॅरोबोटीचा तळ १० मिलिमीटर जाडीचा, बाजू ६ची आणि वरची केबिन ४ची असते. सर्व्हेयरने अल्ट्रासाउंडने जाडी मोजली, तेव्हा बाजूंवर पाण्याच्या रेषेलगत कित्येक जागी ४पेक्षा कमी भरली. विमा कंपन्या बहुधा निदान ४ मागतात.

ती बोट तशी का झाली हे काकांनी मला तिथेच, ओल्या गोदीत उभं राहून समजावलं. बोट अनेक वर्षं मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तळावर, किनाऱ्याच्या विजेला जोडलेली होती. त्या वायरीतल्या अर्थिंगमधून शेजारच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाण्यात बुडालेले वेगवेगळे धातू मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. ज्या बोटीत हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नसतो, तिचे पोलादाऐवजी झिजावेत म्हणून लावलेले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड आधी झिजतात. ते संपले की पाळी पोलादाची. डांबर वरून कितीही चकचकीत दिसलं तरी खालचा खड्डा भरून येत नाही. मी त्या बोटीला नाही म्हटलं. पुढे ५७ फुटी बोट घेतली, आतून साधी, पण बाजू भक्कम. लांबी ५७ का, तर उत्तरेकडच्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत आणि एवढी बोट जवळजवळ सगळीकडे जाते. रुंदी ६ फूट १० इंच. दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतात. ज्यांना अशा जागेत गुदमरतं त्यांनी आधी एक आठवडा भाड्याची बोट घेऊन राहून बघावं, तेही नोव्हेंबरात.

विजेबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण नव्या माणसांच्या बॅटऱ्या वर्षभरात मरतात ते मी पाहते आहे. काका, तुम्ही मला पहिल्यांदा व्होल्टमीटर दिलात आणि पंधरवडाभर एका वहीत फक्त आकडे लिहायला सांगितलेत. दुसरं काही करायचं नाही. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरली आणि निवांत असली की १२.७च्या आसपास दाखवते, १२.२ला आली की निम्मी संपलेली असते. त्याखाली नेली तर आयुष्य घटतं. आणि अर्धवट भरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो, हे त्याहून वाईट. इंजिन तासभर चालवलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण पहिला मोठा हिस्सा पटकन भरतो आणि शेवटचा थोडासा भरायला कितीतरी तास लागतात. रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवून शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही हाही नियम आहे. उन्हाळ्यात छपरावरची सौर पॅनेलं दुपारपर्यंत बॅटरी काठोकाठ भरतात. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, झाडांच्या मागेच राहतो, आणि पॅनेलं नावाला उरतात.

विजेची किटली बोटीवर का नको, तेही त्याच वहीत आहे. २००० वॅटची किटली इन्व्हर्टरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ १८० अँपिअर ओढते. चहा गॅसवरच. आणि काकूंचा ७५० वॅटचा मिक्सर? तो ओढतो साठ-सत्तर अँपिअर, पण चटणीला लागतो एखादा मिनिट, म्हणजे खर्च साधारण एक अँपिअर-तास. तेवढ्यासाठी ओल्या खोबऱ्याच्या चटणीला मुकायचं कारण नाही. प्रत्येक उपकरणाला "किती?"च्या बरोबर "किती वेळ?" विचारायचं, हे मला तुमच्या मिक्सरने शिकवलं.

काकू, हिवाळा मी तुमच्यामुळे काढला. कोळशाची शेगडी रात्रभर धुमसत ठेवायची तर हवा किती बंद करायची, राख कधी काढायची, ओलं लाकूड का जाळायचं नाही, हे सगळं तुम्ही हाताला धरून शिकवलंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छपरावरच्या हवेच्या वाटा कधीही बंद करायच्या नाहीत. थंडी वाजते म्हणून लोक तिथे फडकी कोंबतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. धुराड्याला कुठे फट पडली तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. एप्रिल २०१९पासून बोटीच्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी त्याचा अलार्म सक्तीचा आहे. ते प्रमाणपत्र दर चार वर्षांनी घ्यावं लागतं. पण तुम्ही अलार्मचं बटण दर रविवारी दाबून बघायचात, आणि मीही बघते. ज्यांच्या बोटीवर मी चहाला जाते, त्यांचंही दाबून बघते. कुणाला आगाऊपणा वाटला तरी चालेल.

ओलीचंही तसंच. आपल्या स्वयंपाकात भात, वरण, उकड, सगळी वाफच. ती थंड पोलादावर आणि काचेवर जाऊन पाणी होते, गादीखाली बुरशी धरते. तुम्ही सांगितलंत, कुकर लावायचा, शिजताना खिडकी उघडी ठेवायची आणि गादीखाली फळ्यांची जाळी करून हवा खेळती ठेवायची. गॅसच्या बाबतीत काकांचा एकच आग्रह, ब्युटेन नको, प्रोपेन. शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायू होत नाही आणि सकाळी चहाच होत नाही. प्रोपेन उणे ४०लाही चालतो.

पाण्यावर राहून पाणी जपावं लागतं, याचं इथल्या नव्या लोकांना फार नवल वाटतं. टाकी भरायची ती नळापाशी बोट नेऊन, स्वतःच्या पाइपने. मला ते जड गेलं नाही. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला बादली आणि तांब्या पुरतो, आणि शॉवरपेक्षा कितीतरी कमी पाण्यात अंघोळ होते. टॉयलेटच्या कॅसेटबद्दल, म्हणजे मैला साठणाऱ्या डब्याबद्दल, एवढंच: ती आपल्या हाताने रिकामी करावी लागते, ज्याला हे जमणार नाही त्याने बोट घेऊ नये.

काका, लॉकमध्ये उतरताना तुम्ही एरवी मवाळ असूनही कडक व्हायचात. लॉकच्या वरच्या दरवाजाखाली पाण्यात दगडी उंबरा असतो, सिल. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं तर पुढचं टोक खाली जात राहतं आणि काही मिनिटांत बोट बुडते. काठावर पांढऱ्या रेघेने खूण केलेली असते. मागचं टोक तिच्या पुढे ठेवायचं, नजर हलवायची नाही, फोन घ्यायचा नाही. आणि कुणी ओरडलं तर कारण विचारत न बसता आधी पॅडल, म्हणजे पाणी सोडणारी झडप, पाडून बंद करायचं. आता लॉकवर नवखं माणूस दिसलं की मी ती रेघ दाखवते. ग्रँड युनियनचे लॉक १४ फूट रुंद आहेत, शेजारी शेजारी दोन बोटी मावतात. एका फेरीला सुमारे अडीच लाख लिटर पाणी वरून खाली जातं, म्हणून मागून येणाऱ्या बोटीसाठी दहा मिनिटं थांबायचं. आपण दोघांनी स्टोक ब्रुअर्नचे सातही लॉक असे जोडीने किती वेळा चढलो!

बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला काही गुंडाळलं गेलं की इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच मागची झडप उघडून पाण्यात हात. आणि झडप परत नीट आवळली की नाही हे दोनदा बघायचं, नाहीतर इंजिन सुरू केल्यावर पाणी उसळून आत येतं. लंडनमधल्या साउथॉलच्या बाजूला गेलो होतो तेव्हा पंख्यातून साडी निघाली. कालव्यात नारळही तरंगत होते. काकू, तुम्ही तेव्हा गप्प झालात आणि मग काठावर पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या एका कुटुंबाशी जाऊन बोललात. हे पाणी वाहत नाही, इथे सोडलेलं इथेच राहतं, फुलं बागेत पुरा, कापड कुणाला द्या. इतक्या आपुलकीने बोललात की त्यांनी ताट परत नेलं. हे पत्र वाचणाऱ्या आपल्या लोकांनाही माझी तीच विनंती आहे.

काका, एका गोष्टीचे आभार सगळ्यांत जास्त आहेत. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून, म्हणजे स्टर्न ग्लँडमधून, पाणी जास्त ठिबकत होतं तेव्हा तुम्ही ते पाच मिनिटांत केलं असतं. कालव्यावर हौशी मदतनीस पुष्कळ आहेत, आणि बाई दिसली की हातातला पाना काढून घेतात. तुम्ही कधीच घेतला नाहीत. गुडघे दुखत असताना इंजिनाशेजारी वाकून बसलात, ग्रीसचा स्क्रू किती फिरवायचा ते तोंडाने सांगितलंत, आणि दोन्ही नट सारखे आवळले नाहीत तर शाफ्ट का तापतो तेही. काम माझ्याकडून व्हायला तासापेक्षा जास्त लागला. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. त्यानंतर मध्यरात्री मुसळधार पावसात बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, सारखा चालू राहिला, तेव्हा मी एकटीच होते, आणि पाणी कुठून येत असेल ते कुठल्या क्रमाने शोधायचं हे मला माहीत होतं.

आता खबर. येत्या वसंतात बोट ब्लॅकिंगसाठी गोदीत चढणार आहे. अ‍ॅनोड नवे बसवायचे आहेत आणि सर्व्हेयरला पुन्हा जाडी मोजायला सांगितलं आहे. आकडे आले की तुम्हाला फोनवर वाचून दाखवीन. गोदीची तारीख ठरली की कळवते. काकांना शिडी चढायची नाही, खालून तळ बघायचा आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. काकू, जेवण माझ्याकडे.

तुमची,
मागच्या बोटीवरची