स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून समजावणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण तुम्ही ओळखालच. धायरीचे टेलरकाका, बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव, रात्री अडीचला बेशुद्ध आणलेले. मी त्यांची मुलगी.

सीटी दाखवून तुम्ही म्हणालात की मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत रक्त उतरलंय, मेंदूतल्या पाण्याची वाट अडलीये, आणि ते पाणी दिवसाला जवळपास अर्धा लिटर तयार होतच राहतं म्हणून प्रेशर वाढतंय, ते बाहेर काढायला आत्ताच नळी टाकायला हवी. कवटीला भोक पाडणार हे ऐकून माझे पायच गळाले, आई तर सहीचा कागद हातात घेईना. "आतलं दिसत नाही तर नळी नेमकी कुठे जाणार?" असं मी जवळजवळ ओरडलेच तुमच्यावर, त्याबद्दल सॉरी.

तुमच्या मागे अजून पेशंट ताटकळत होते तरी तुम्ही थांबलात. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधे स्वतःचंच बोट ठेवलंत, म्हणालात इथून मागे 11 सेंटीमीटर, मग मधल्या रेषेपासून उजवीकडे 3, साधारण बुब्बुळाच्या रेषेत, याला कोकर्स पॉइंट म्हणतात. मधोमध नाही कारण तिथे मोठी शीर आहे, अजून मागे नाही कारण हाडांच्या सांध्यामागे हातपाय हलवणारा भाग येतो, आणि उजवीकडे कारण बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डावीकडे असतं. नळी हाडाला काटकोनात, रोख एकीकडून त्याच बाजूच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे आणि दुसरीकडून कानाच्या पुढच्या उंचवट्याकडे, आत 6 सेंटीमीटरच्या आसपास. दोनच मिनिटं लागली असतील.

आई म्हणाली, "म्हणजे माप घेऊनच करणार ना?" तुम्ही म्हणालात, "हो काकू, मोजून, खूण करून, मगच." आणि तिनं सही केली. चाळीस वर्षं नवऱ्याला असंच बघितलंय तिनं, टेप, खडू, मग कात्री.

आयसीयूतल्या सिस्टरांनाही मनापासून थँक्यू, बेड जरा वरखाली झाला की त्या नळी बंद करून ड्रेनची, म्हणजे पाणी जमा होणाऱ्या पिशवीची, उंची पुन्हा कानाच्या लेव्हलला लावायच्या, कारण पिशवी फार खाली गेली तर पाणी जास्त निघून जातं, हे त्यांनीच मला शिकवलं. रात्रभर करायच्या, एकदाही कंटाळल्या नाहीत.

मी नंतर वाचलं की कोकर हे स्वित्झर्लंडचे सर्जन, 1909 चं नोबेल मिळालेले, तेही थायरॉइडच्या कामासाठी. बाबांना सांगितलं तर त्यांना नोबेलचं काही नाही, म्हणाले इंचात सांग. मग स्वतःच टेप लावला नाकापासून मागे, सव्वाचारच्या जरा वर, तिथून बाजूला सव्वा इंचाला थोडं कमी, आणि बोट बरोबर त्या खळग्यात गेलं. "पक्कं माप घेतलंय पोरानं," म्हणाले.

डावा हात अजून थोडा जड आहे पण अर्धा दिवस मशीनवर बसतात. तुम्हाला शर्ट शिवायचाय त्यांना. ड्यूटी नसेल तेव्हा एकदा दुकानात या, माप द्यायला.